कंबरेचा ताठरपणा आणि मनाचा ताठा



आपल्या संप्रदायात नमस्काराइतका सोपा आणि नमस्काराइतकाच अवघड असा दुसरा आचार नाही. दिंडीत दोन वारकरी भेटले की ते एकमेकांचे वय, विद्या, पैसाअडका विचारीत नाहीत. आधी वाकतात, मग बोलतात. म्हातारा विणेकरी पोरसवद्या टाळकऱ्याच्या पाया पडतो, कीर्तनकार श्रोत्याच्या पडतो. ज्याच्या गळ्यात तुळशीची माळ तो माउली, आणि माउलीपुढे डोके खाली, एवढेच शास्त्र. आता ज्याची कंबरच वाकत नाही अशा वारकऱ्याने काय करावे? त्याचा नमस्कार अपुरा राहिला काय? हा प्रश्न वरवर दवाखान्यातला वाटतो. पण विचार करू जाता तो धर्मातला आहे, आणि त्याचाच आज थोडा ऊहापोह करावयाचा आहे.

हा प्रश्न आम्ही पुस्तकातून काढलेला नाही; तो आमच्याच कंबरेतून निघाला. कीर्तनाला उभे राहण्यात चाळीस वर्षे गेली, साठी उलटली, आणि कंबरेपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत अशी कळ सुरू झाली की पूर्वरंग संपेपर्यंत उभे राहणे मुश्किल झाले. शेवटी दोन वर्षांपूर्वी कंबरेचा चौथा मणका, पाचवा मणका आणि त्याखालची त्रिकास्थि ही जोडून एक करण्यात आली. कळ गेली. पाय पुन्हा ठाम पडू लागले. मात्र कंबर ताठ झाली ती झालीच. कुरुंदवाड, शिरोळ, जयसिंगपूर ह्या आमच्या भागात कीर्तनास कोठेही जावे, तेथे अशी एकदोन माणसे आता भेटतात. कोणी उसाच्या मोळ्या वाहून, कोणी वर्षानुवर्षे ट्रॅक्टर हाकून कंबर घालवलेला. त्यांच्याशी बोलून आणि स्वतः सोसून जे कळले ते येथे मांडतो.

आधी ही शस्त्रक्रिया म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. कंबरेत पाच मणके असतात व त्यांच्याखाली त्रिकास्थि. दर दोन मणक्यांमध्ये एक गादी असते. ती झिजली किंवा सरकली, अथवा वरचा मणका खालच्यावरून पुढे घसरला, की शीर दबते आणि कळ मांडीतून पोटरीत, पोटरीतून पावलात उतरते. आयुर्वेदात ह्या कळेस गृध्रसी म्हटले आहे, आणि कंबर धरून बसते त्या विकारास कटिग्रह. शेक, औषध, व्यायाम ह्यांनी पुष्कळांचे भागते, आणि भागते तोवर शस्त्राकडे जाऊ नये असे शल्यवैद्य स्वतःच सांगतात. ज्यांचे भागत नाही त्यांचे मणके स्क्रू व सळ्यांनी आवळून, मध्ये हाडाचे तुकडे भरून, एक करतात. सळी फक्त आधार देते. खरे जोडकाम शरीरच करते आणि त्यास कित्येक महिने लागतात. १९११ साली अमेरिकेत हिब्स आणि आल्बी ह्या दोन शल्यवैद्यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, मणके जोडण्याची रीत प्रसिद्ध केली. त्या काळी ती मुख्यतः मणक्याच्या क्षयासाठी होती. पुढे तिचा उपयोग पुष्कळ विकारांत होऊ लागला.

ह्यातले मर्म असे की जेथे हालचाल होती तेथेच वेदना होती. हालचाल थांबवली, वेदना थांबली. कंबरेच्या पुढे वाकण्यात मोठा वाटा खालच्या दोन सांध्यांचा असतो, आणि तेच बंद झाले म्हणजे पुढचे वाकणे खुब्यांनी आणि गुडघ्यांनी करावे लागते. वरच्या सांध्यांवरही जास्त भार येतो. एकच सांधा जोडलेल्या पुष्कळांस हा फरक फारसा जाणवत नाही. जितके सांधे जास्त तितका तो जास्त जाणवतो. शिवाय सगळा ताठरपणा हाडाचा नसतो. कापलेले स्नायू आखडतात, थंडीत आणि सकाळी उठताना कंबर लाकडासारखी होते, फार वेळ बसले की पुन्हा तेच. आणि त्यात भीतीचा वाटा असतो. डॉक्टर हलायला सांगतात तरी माणूस हलत नाही. आतले काही निसटेल असे त्याला वाटत राहते. हाड जुळून गेल्यावरही ही भीती मागे राहते, आणि हाडापेक्षा तीच माणसाला जास्त जखडते.

आता रोजचा दिवस घ्या. अंथरुणातून उठायचे तर सरळ उठता येत नाही. आधी कुशीवर वळायचे, पाय खाली सोडायचे, मग हाताच्या रेट्याने बसायचे. धोतराचा काष्टा मागे खोचायचा तर हात मागे जातो पण अंग वळत नाही. खाली बसून स्नान करणे सुटते. चौरंगावर किंवा स्टुलावर बसावे लागते, आणि पोटऱ्या-पावले धुण्यापुरता दुसऱ्याचा हात लागतो. पायाची नखे स्वतः काढता येत नाहीत. शौचास उकिडवे बसणे जमत नाही. स्वच्छतेची साधी क्रियादेखील, जी माणूस लहानपणी आईकडून शिकतो व मग कोणाजवळ बोलत नाही, ती पुन्हा नव्याने शिकावी लागते. जपाची माळ हातातून निसटली की ती दोन हातांवर असून दोन कोसांवर जाते. देवघर जमिनीलगत असेल तर समईची वात सारता येत नाही. एस. टी. ची पहिली पायरी डोंगराएवढी होते. आमच्या कृष्णेच्या घाटाच्या पायऱ्या लहानपणी आम्ही धावत उतरत असू. त्याच आता कोणाच्या तरी खांद्यावर हात ठेवून मोजीत उतराव्या लागतात.

अमेरिकेतल्या शल्यवैद्यांनी अशा रुग्णांसाठी एक प्रश्नावली तयार केली आहे. कपडे घालता येतात का, पायमोजे चढवता येतात का, शौचानंतर स्वच्छता करता येते का, जमिनीवरची लहान वस्तू उचलता येते का, अंग धुता येते का, मोटारीत चढता-उतरता येते का, असे त्यात विचारतात. प्रश्न नेमके आहेत, आणि ज्यांना लाज वाटते ते वाक्य डॉक्टरच आधी बोलतो ही त्यातली दया आहे. परंतु आपल्या देशी माणसाच्या दिवसात आणखी काही असते जे त्या कागदावर मावत नाही. मांडी घालून पंगतीस बसणे, देवळाच्या उंबऱ्यास हात लावणे, तुळशीपुढे डोके टेकणे, लहान मुलाला उचलून घेणे, आणि पाया पडणे. ह्यांच्यासाठी रकाना नाही. तो आपणच भरला पाहिजे.

आम्हांस हा प्रश्न कोठे बोचला ते सांगतो. सप्ताहात वीणा खाली ठेवीत नाहीत. एका पहारेकऱ्याची वेळ संपली की दुसरा उभा राहतो. वीणा गळ्यातून गळ्यात जाते, आणि देता-घेता दोघे एकमेकांच्या पाया पडतात. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या सप्ताहात एक कॉलेजात जाणारा मुलगा वीणा देताना आमच्या पाया पडला. आता पाळी आमची. आम्ही गुडघे मोडू लागलो तोच त्याने दोन्ही दंड धरले आणि म्हणाला, "ऱ्हाऊ द्या महाराज, तुम्ही वाकू नगासा." पोराने प्रेमानेच सांगितले. तेव्हापासून जेथे जावे तेथे हेच. कीर्तन संपले की शेपन्नास माणसे पायांवर डोके ठेवतात आणि आम्ही खांबासारखे उभे.

धोका आहे तो येथे. ज्याला सगळे वाकतात आणि जो कोणालाच वाकत नाही, त्याचे काय होते हे आपण गावोगाव पाहतो. मराठी भाषेने ह्या दोन गोष्टी एकाच शब्दाच्या कुळात घातल्या आहेत: शरीर ताठ झाले तर ताठरपणा, मन ताठ झाले तर ताठा. संस्कृतातही नम् ह्या धातूचा मूळ अर्थ वाकणे. त्यापासूनच नमन आणि त्यापासूनच नम्र. पूर्वजांनी शरीराचे वाकणे आणि मनाचे वाकणे ह्यांची मुळे वेगळी मानली नाहीत. मग एक मूळ कापले गेले तर दुसरे जगते का? वैद्याने दिलेली सूट पुढे अहंकाराची ढाल तर होत नाही ना?

ह्यावर पहिला पक्ष असा येईल: "देव भावाचा भुकेला, मनाने नमस्कार केला की झाले, शरीराचे काय घेऊन बसलात?" बोलणे गोड आहे, आणि आजाऱ्याचे समाधान करण्यास पुरेसे आहे. पण सिद्धान्त म्हणून ते टिकत नाही. मनाचाच नमस्कार पुरेसा असेल तर धडधाकट माणसानेही वाकू नये. आपला संप्रदाय नुसत्या मनाचा नाही. माळ गळ्यात आहे, टाळ हातात आहे, वाट पायाखाली आहे, नाम जिभेवर आहे. आळंदीहून पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपास. नुसत्या मनाने जायचे असते तर एवढी पायपीट कोणी केली असती? मन फार लबाड आहे, ते घरबसल्या सगळ्या जगाला नमस्कार करून मोकळे होते. शरीराला वाकवल्याशिवाय मनाची परीक्षा होत नाही, म्हणून तर संतांनी पाया पडण्याची रीत घातली.

दुसरा पक्ष याच्या उलट: "कंबर मोडली तरी चालेल, पण साष्टांग घालीनच." असे म्हणणारे निष्ठावंत आम्ही पाहिले आहेत, आमच्याच एका माळकऱ्याने शस्त्रक्रियेस तीन महिने झाले नाहीत तो लोटांगण घालण्याचा हट्ट धरला होता. त्याला आम्ही एवढेच विचारले, की देह आपला असे म्हणणारे आपण नव्हे ना? मग जो आपला नाही तो मोडण्याचा हक्क कोठून आला? हाड जुळण्याच्या काळात वाकू नये, ओझे उचलू नये, अंग पिळू नये असे डॉक्टर बजावतात, कारण त्या काळात जोड सैल झाला तर सगळेच पुन्हा आले. तो मोडून दाखवलेला नमस्कार पाहणाऱ्यांस थोर वाटेल; पण हट्ट हाही ताठ्याचाच प्रकार, फक्त आडवा पडलेला.

तर मग सिद्धान्त काय? साष्टांग ह्या शब्दाकडेच पाहू. आठ अंगे कोणती? छाती, मस्तक, दृष्टी, मन, वाणी, पाय, हात आणि गुडघे. नीट मोजा, ह्यांत कंबर नाही. दृष्टी, मन आणि वाणी ह्या तिघांना तर खाली जाण्यासाठी कंबर लागतच नाही. हात जोडता येतात. डोके मानेतून लवते, कारण मानेला कोणी स्क्रू मारलेला नाही. राहिली छाती, तिच्यासाठी वारकऱ्यांजवळ दुसरी रीत आधीपासून आहे. दोघे भेटले की पाया पडतात आणि उराउरी भेटतात. त्या भेटीस कंबर लवावी लागत नाही, आणि तिथे कोण वर कोण खाली हा प्रश्नच उरत नाही. शास्त्र इतके सोयीचे निघेल असे आम्हांसही वाटले नव्हते.

परंतु एवढ्यावर थांबलो तर आम्ही पहिल्या पक्षाच्याच घरी परत गेलो असे होईल. कंबर आठांत मोजलेली नाही हे खरे. पण इतर अंगांना जमिनीपर्यंत नेते ती कंबरच. ती नसताना त्यांना खाली कोणी न्यावे? ह्याचे उत्तर आपल्या परंपरेने कूर्मदासाच्या चरित्रात देऊन ठेवले आहे. पैठणच्या ह्या भक्ताला हात नव्हते, पाय नव्हते. वारीला निघाला तो सरपटत, लोळत. माढे तालुक्यातल्या लऊळ गावी आला आणि पुढे जाणे अशक्य झाले. तेव्हा त्याने काय केले? जाणाऱ्या यात्रेकरूंजवळ देवाला निरोप दिला, की आपणच येऊन भेटावे. आणि देव आला, अशी कथा आहे. लऊळास त्याची समाधी आहे. आम्ही ही कथा शेकडो वेळा सांगितली असेल. कूर्मदासाच्या सरपटण्याचे सगळे कौतुक करतात. पण कंबर ताठ झाल्यापासून आमचे लक्ष त्या निरोपाकडे लागते. जेवढे शरीर चालले तेवढे त्याने चालवले, आणि जेथे ते संपले तेथे त्याने दुसऱ्याजवळ मागितले. मागताना तो लाजला नाही. देहाचे संपले तेथून पुढे दुसऱ्या माणसाचे पाय सुरू झाले, आणि देवापर्यंतची वाट पुरी झाली.

येथे वेदान्ताची थोडी गोष्ट आल्यावाचून राहवत नाही. दोन मणके वेगळे होते तोवर त्यांत घर्षण होते, कलह होता, वेदना होती. ते एक झाले, कलह मिटला. अद्वैती म्हणेल, हाच मोक्षाचा दृष्टान्त झाला. खराच झाला. पण ह्या मोक्षात एक उणेपण आहे: जे एक झाले ते वाकत नाही. वाकायला सांधा लागतो, आणि सांध्याला दोन लागतात. आपल्या संतांनी मोक्ष समोर असता तो बाजूस सारून पुन्हा पुन्हा जन्म का मागितला, ऐक्य जाणूनही देवभक्तपण का राखले, ह्याचा अर्थ आम्हांला ग्रंथात कळला होता. अंगात तो आता उतरला. नमस्कारासाठी समोर दुसरा हवा आणि त्याच्या-आपल्यामध्ये वाकणारा सांधा हवा. आमच्या कंबरेतले दोन सांधे गेले. पण माणसामाणसांतला सांधा कोणी जोडून बंद केलेला नाही. तो शाबूत आहे. तोच आता वाकवला पाहिजे.

तो वाकवायचा कसा? दुसऱ्याची मदत तोंड वाकडे न करता घेऊन. आयुष्यभर ज्याने दिले त्याला घेणे फार जड जाते. सूनबाई पायाची नखे काढायला बसल्या की पहिले काही महिने आमची जीभ उगाच तिखट होई, असे घरचे सांगतात. पुष्कळ रुग्णांचे असेच होते. वेदना नसते, राग मात्र येतो. का? कारण खाली वाकलेले माणूस आपल्यापेक्षा मोठे होते आहे हे आतल्या मीपणाला दिसते. ज्या क्षणी मनुष्य म्हणतो, "बाई, तुझ्यावाचून माझे अडते," त्या क्षणी तो जेवढा खाली गेला तेवढा कोणत्याही दंडवताने गेला नसता. कंबर ताठ झालेल्याचा नमस्कार तो हा. आणि तो रोज घालावा लागतो, न्हाणीघरात, अंथरुणापाशी, एस. टी. च्या पायरीवर. तिथे टाळ नाही, मृदंग नाही, पाहणारे कोणी नाही.

पुंडलिकाची आठवण येथे हटकून होते. देव दारी आला असता आईबापांच्या सेवेतून त्याने हात काढला नाही. वीट फेकली आणि देवाला थांबायला सांगितले. आपण नेहमी सेवा करणाऱ्या पुंडलिकाचे गुण गातो. पण ती सेवा घेणारे जे म्हातारे आईबाप, त्यांच्याविषयी कोणी बोलत नाही. त्यांनी पाय ओढून घेतले असते, "राहू दे, आम्हांला गरज नाही" म्हणून ताठून बसले असते, तर ती वीट कोणासाठी पडली असती? मात्र ह्याचा उलट अर्थ कोणी काढू नये. सेवा घेणे हे पुण्य म्हणून घरच्या बाईमाणसाला दिवसभर हाकेवर नाचवणे हा ताठ्याचा तिसरा प्रकार. बहुतेक घरांत हा भार सुनेवर, बायकोवर, लेकीवर पडतो, आणि तिच्याही कंबरेला पाचच मणके असतात. म्हणून जे स्वतःला जमते ते स्वतः करावे. लांब दांड्याचा चिमटा, लांब दांड्याचा ब्रश, वाकल्याशिवाय पायात सरकणारी वहाण, थोडे उंच केलेले देवघर, न्हाणीघरात धरायला एक दांडा, एवढ्याने निम्मे परावलंबन कमी होते. उरलेल्या निम्म्यासाठी आनंदाने हात पुढे करावा.

हात घेण्यात कमीपणा नाही हे आम्हां नदीकाठच्या लोकांना खरे म्हणजे शिकवावे लागू नये. २००५, २०१९ आणि २०२१ ह्या सालांत कृष्णा-पंचगंगेला महापूर आले, आणि आमच्या शिरोळ तालुक्यात पाणी घराघरांत शिरले. नावेत चढताना वाडेवाला आणि शेतमजूर दोघांनाही दुसऱ्याने दंडाला धरूनच वर घ्यावे लागले. तेथे कोणी म्हणाले नाही की आम्ही हात धरणार नाही. पाणी ओसरले की आपण ते विसरतो, इतकेच. ताठ कंबरेला मात्र ते विसरता येत नाही, कारण तिचा पूर रोजचा आहे.

महाराष्ट्राने अलीकडच्या काळात असा एक मनुष्य पाहिला. वरोऱ्याजवळ आनंदवनात महारोग्यांची सेवा करणारे बाबा आमटे ह्यांची पाठ पुढे इतकी बिघडली की त्यांना बसता येत नसे. उभे राहायचे किंवा आडवे पडायचे, मधली अवस्थाच नाही. तशा पाठीनिशी १९८५-८६ साली ते तरुणांना घेऊन कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाले. तरुण सायकलींवर आणि बाबा गाडीत पडून. २००८ साली ते वारले. ते आपल्या संप्रदायातले नव्हते. पण बसता येत नसताना जो माणूस देश ओलांडतो, त्याने इतरांच्या हातांना किती मोकळेपणाने आपला देह सोपवला असेल, ह्याचा विचार वारकऱ्याने करावा. ज्या हातांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या जखमा धुतल्या, त्यांनाच शेवटी दुसऱ्यांचे हात लागले, आणि त्यात कोणाला उणे वाटले नाही.

दुसऱ्या धर्मांतही हा विचार झालेला आहे. आमच्या कुरुंदवाडात गणेशोत्सवात मशिदींमध्ये गणपती बसतो हे पुष्कळांस ठाऊक असेल. अशा शेजारामुळे एकमेकांच्या रीती आपोआप कळतात. नमाजात वाकणे आणि जमिनीला कपाळ टेकणे आवश्यक. पण ज्याला उभे राहता येत नाही त्याने बसून, ज्याला बसता येत नाही त्याने पडून, डोक्याच्या खुणेने करावे असे त्यांचेही शास्त्र सांगते. खूण लहान असली तरी ती सोडायची नाही. "जमत नाही म्हणून काहीच नाही" असे तेथेही नाही.

आता जे सभोवार आहेत त्यांच्याशी दोन शब्द. ताठ कंबरेच्या माणसाला "वाकू नका" म्हणून लगेच अडवू नये. त्याला जेवढे वाकायचे तेवढे वाकू द्यावे, खुब्यातून आणि गुडघ्यातून त्याला ते येते, फक्त वेळ लागतो. तो वेळ द्यावा. मंडपात दोनचार खुर्च्या कडेला आधीच मांडून ठेवाव्यात. पुष्कळजण खुर्ची घेत नाहीत, कारण पोथीपेक्षा आपले आसन उंच होईल अशी त्यांना भीती वाटते. उपाय सोपा आहे, पोथीची चौकी उंच करावी. पंगतीत एक टेबल लावले तर पंगत बाटत नाही. त्याला एकट्याला घरी डबा पाठवला तर मात्र पंगत तुटते. आणि ज्यांना बसण्यापेक्षा उभे राहणे सोसते त्यांना विण्याचा पहारा आग्रहाने द्यावा. आम्ही स्वतः कीर्तन संपल्यावर पाया पडायला येणाऱ्यांस आता विण्याकडे बोट दाखवतो. नमस्कार तिकडे जातो, आणि आमचा धोका तेवढा कमी होतो.

वारीविषयीही पुष्कळजण खिन्न असतात. त्यांना एवढेच सांगावेसे वाटते, की शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर पहिला व्यायाम सांगतात तो चालण्याचा. कंबरेवरचे ह्यांचे औषध आणि आपले साधन एकच निघाले. आपापल्या वैद्याला विचारून, सोसेल तेवढे, गावाच्या वेशीपर्यंत का होईना, चालावे. उरलेली वाट गाडीने गेले तर वारी बुडाली असे मानू नये. २०२० साली साथीमुळे संतांच्या पादुका एस. टी. ने पंढरीस गेल्या; ती वारी झाली नाही असे कोणी म्हणाले काय? २०२४ साली मंदिराच्या जतनाच्या कामासाठी काही आठवडे पदस्पर्श बंद होता, तेव्हा सर्वांनी मुखदर्शनच घेतले. पायांवर डोके पोचले नाही तरी डोळे पोचले, आणि दृष्टी ही आठांतली एक आहेच.

असो. कंबर वाकते की नाही हे आता आमच्या हाती नाही. ते हाडाने ठरवून टाकले. आमच्या हाती एवढेच की रोज सकाळी जो हात पुढे येतो तो धरताना मन ताठ राहते की लवते. ज्यांची कंबर चांगली आहे त्यांनी ती आहे तोवर भरपूर वाकवून घ्यावी, आणि ज्यांची ताठ झाली आहे त्यांनी आपला नमस्कार बंद झाला असे समजू नये. ज्याने कंबरेवर हात ठेवून युगे उभ्यानेच काढली, त्याला उभ्या माणसाचा नमस्कार कळणार नाही असे कसे होईल?

रामकृष्णहरि.